समरी अहवाल आला किंवा सरकारने खटला मागे घेतला, तर न्यायालयात दाद कशी मागावी

फिर्याद नोंदवून वर्ष-दीड वर्ष उलटते आणि एक दिवस न्यायालयाची नोटीस हातात पडते. पोलिसांनी तुमच्या गुन्ह्यात ‘ब’ समरी मागितली आहे, काही म्हणणे असल्यास अमुक तारखेला हजर राहावे, एवढाच मजकूर तिच्यात असतो. बहुतेक फिर्यादींना ‘समरी’ (म्हणजे प्रकरण बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल) हा शब्दच तेव्हा पहिल्यांदा भेटतो, आणि सरकारी यंत्रणेनेच ठरवले म्हटल्यावर आता काय उरले, असे समजून अनेकजण त्या तारखेला जातच नाहीत. वास्तविक ती तारीख ही कायद्याने त्यांच्यासाठी राखून ठेवलेली संधी असते. ती संधी कशी वापरावी, आणि उभा राहिलेला खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारतर्फे आला तर काय करावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. लेख फिर्यादी, पीडित व्यक्ती आणि नुकतीच वकिली सुरू केलेले तरुण यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट आरंभीच मनात पक्की करावी. खटला चालवावा की नाही हा निर्णय न्यायालय सहसा स्वतःच्या हाती घेत नाही. तो निर्णय ज्या कारणांवर घेतला गेला ती कारणे खरी, पुरेशी आणि कायद्यात बसणारी आहेत का, हे ते तपासते. म्हणून ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढे सांगून भागत नाही. दिलेले कारण कोणत्या कागदावर टिकत नाही, हे दाखवावे लागते. पुढची प्रत्येक पायरी याच कामाची आहे.

पहिली पायरी: निर्णय कोणी घेतला ते ओळखा

दोषारोपपत्र पाठवायचे की प्रकरण बंद करण्याचा अहवाल पाठवायचा, हे सरकारी वकील ठरवतात असा समज सर्रास आढळतो. आपल्या देशात तसे नाही. तो निर्णय तपास करणाऱ्या पोलिसांचा आहे, आणि सरकारी अभियोक्त्याचे (म्हणजे सरकारी वकिलाचे) मत हा तपासाचा भाग होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. सरला प्रकरणात स्पष्ट केले. अभियोक्त्याचा स्वतःचा अधिकार सुरू होतो तो प्रकरण न्यायालयात आल्यावर, आणि त्यातला सर्वांत मोठा अधिकार म्हणजे खटला मागे घेण्याचा. तिसरा निर्णय सरकारचा असतो: लोकसेवकाविरुद्ध खटला चालवण्यास मंजुरी द्यावी की नाही. या तिन्ही निर्णयांची तपासणी वेगवेगळ्या कलमांखाली होते आणि त्यासाठीचे अर्जही वेगळे असतात. आपल्या हातातला कागद यांपैकी कोणाचा आहे हे न पाहता केलेला अर्ज पहिल्याच तारखेला अडखळतो.

कायदा कोणता लागू आहे हेही याच टप्प्यावर पाहावे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 लागू झाली, मात्र त्या दिवशी प्रलंबित असलेले तपास आणि खटले 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसारच पुढे चालतात. खाली नव्या संहितेची कलमे दिली आहेत, आणि आवश्यक तेथे जुना क्रमांकही सांगितला आहे.

दुसरी पायरी: समरी कोणती आहे ते नीट वाचा

महाराष्ट्रात प्रकरण बंद करण्याच्या अहवालाचे तीन प्रकार रूढ आहेत. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा घडला हे खरे, परंतु आरोपीचा शोध लागला नाही किंवा त्याच्याविरुद्ध पुरावा मिळाला नाही. ‘ब’ समरी म्हणजे फिर्यादच खोटी आणि द्वेषबुद्धीने दिलेली. ‘क’ समरी म्हणजे फिर्याद खोटी नाही, पण गुन्हाही दिसत नाही. ती गैरसमजातून दिलेली आहे किंवा वाद दिवाणी स्वरूपाचा आहे. बोलताना वकील आणि पोलीस यांना ए, बी आणि सी समरी असेही म्हणतात.

‘ब’ समरीची नोटीस मात्र कधीही दुर्लक्षित करू नये. ती मंजूर झाल्यावर खोटी माहिती दिल्याबद्दल किंवा खोटा आरोप केल्याबद्दल फिर्यादीविरुद्धच कारवाईची मागणी होऊ शकते; भारतीय न्याय संहितेची 217 आणि 248 ही कलमे (जुनी 182 आणि 211) त्यासाठी आहेत. म्हणजे तक्रार सोडून द्यायची असे ज्याने मनाशी ठरवले आहे, त्यानेसुद्धा ‘ब’ समरीला निदान एवढे उत्तर द्यावे की फिर्याद प्रामाणिकपणे दिली होती आणि अमुक कागदांच्या आधारे दिली होती.

नोटीसच न मिळता समरी मंजूर झाली असेल, तर तो आदेश टिकणे अवघड असते. फिर्यादीला ऐकण्याची संधी दिल्याशिवाय दंडाधिकाऱ्यांनी असा अहवाल स्वीकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली भगवंत सिंग प्रकरणात सांगितले, आणि महाराष्ट्रातून गेलेल्या गंगाधर म्हात्रे प्रकरणात 2004 साली तेच पुन्हा अधोरेखित केले. फिर्यादी एक आणि जखमी व्यक्ती दुसरी, किंवा मृताचे नातेवाईक वेगळे, असे असेल तर त्यांना नोटीस मिळण्याचा तसाच हक्क 1985 च्या निकालाने दिला नाही; पण सुनावणीच्या वेळी हजर राहून बाजू मांडण्याचा हक्क दिला आहे. म्हणून अशा नातेवाइकांनी नोटिशीची वाट पाहत बसू नये. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर प्रकरणाचा 16 अक्षरी सीएनआर क्रमांक (न्यायालयातील प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र ओळख) टाकला की पुढची तारीख दिसते.

तिसरी पायरी: कागद मिळवा

पहिल्या तारखेला हजर राहून म्हणणे मांडण्यासाठी मुदत मागावी आणि त्याच दिवशी नक्कल विभागात प्रमाणित प्रतींसाठी अर्ज द्यावा. समरी अहवाल, त्याला जोडलेले साक्षीदारांचे जबाब, पंचनामे, जप्त कागदपत्रांची यादी आणि असल्यास वैद्यकीय किंवा प्रयोगशाळेचे अहवाल, एवढे सर्व मागावे. केस डायरी, म्हणजे तपास अधिकाऱ्याची रोजच्या तपासाची नोंदवही, पक्षकारांना मिळत नाही, परंतु न्यायालय ती स्वतः मागवून पाहू शकते (कलम 192), त्यामुळे अमुक दिवशी तपास झाल्याचा दावा संशयास्पद वाटत असेल तर डायरी पाहण्याची लेखी विनंती न्यायालयालाच करावी.

वकील परवडत नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 15100 हा त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे.

चौथी पायरी: प्रोटेस्ट अर्ज लिहा

समरीला विरोध करणाऱ्या अर्जाला न्यायालयात प्रोटेस्ट पिटिशन म्हणतात. संहितेत हा शब्द कोठेही नाही; तो निकालांतून रूढ झाला आहे. सगळ्या प्रक्रियेत याच कागदावर सर्वाधिक मेहनत घ्यावी, कारण पुढे सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालयसुद्धा मुख्यतः हाच अर्ज आणि त्यावरचा आदेश वाचते.

नवख्या अर्जांत हमखास आढळणारे वाक्य असे असते: ‘तपास अधिकाऱ्यांनी आरोपीशी संगनमत करून एकतर्फी तपास केला आहे.’ हे कदाचित खरेही असेल, पण दंडाधिकाऱ्यांच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. तेच म्हणणे असे लिहून पाहा: ‘फिर्यादीसोबत दिलेल्या चौथ्या पावतीनुसार रक्कम आरोपीच्या बँक खात्यात जमा झाली आहे. तपासाच्या कागदपत्रांत त्या खात्याचा उतारा नाही आणि तो मागवण्यासाठी बँकेला लिहिलेले पत्रही नाही. फिर्यादीत नावे दिलेल्या दोन साक्षीदारांपैकी एकाचाच जबाब नोंदवला आहे.’ येथे कोणावरही आरोप नाही, तरीही अहवालाचा निष्कर्ष अपुऱ्या कागदांवर उभा आहे हे उघड होते. आधी अहवालातले कारण शब्दशः उद्धृत करावे, लगेच खाली त्याला छेद देणारा कागद किंवा न केलेली तपासाची कृती लिहावी, आणि मग पुढच्या कारणाकडे जावे, हा क्रम मला सर्वांत उपयोगी वाटतो.

‘क’ समरीत ‘वाद दिवाणी स्वरूपाचा आहे’ हे कारण फार वेळा येते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. एकाच व्यवहारातून दिवाणी दावाही उभा राहू शकतो आणि गुन्हाही घडू शकतो. एक आहे म्हणून दुसरा नाही, असे कायदा मानत नाही. मात्र फसवणुकीच्या गुन्ह्यात अप्रामाणिक हेतू सुरुवातीपासून असावा लागतो. पैसे घेतले आणि परत केले नाहीत, एवढेच लिहिले तर दंडाधिकारी पोलिसांशी सहमत होतील. पैसे घेतले त्या दिवशी आरोपीला काय ठाऊक होते, हे लिहावे लागते: जी जमीन विकतो असे तो म्हणाला ती आधीच दुसऱ्याला विकलेली होती, किंवा ज्या परवान्याची प्रत त्याने दाखवली तो परवाना त्या तारखेपूर्वीच रद्द झाला होता. अशी एक तारीख, तिच्या पुराव्यासह, दहा पानांच्या कैफियतीपेक्षा अधिक वजनदार ठरते.

अर्जाला शपथपत्र जोडावे. आरोपींची पूर्ण नावे व पत्ते, घटनेचा क्रम, साक्षीदारांची यादी आणि कागदपत्रांची यादी अर्जातच असावी. याचे कारण असे की, प्रोटेस्ट अर्जाला खासगी फिर्याद मानायचे झाल्यास त्यात फिर्यादीला आवश्यक असलेले सगळे घटक असावे लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली विष्णुकुमार तिवारी प्रकरणात म्हटले आहे.

विनंतीचा क्रम विचारपूर्वक लावावा. पहिली विनंती अशी असावी की अहवाल नाकारून, पोलिसांनी जमवलेल्या कागदांच्याच आधारे कलम 210 खाली गुन्ह्याची दखल घ्यावी, म्हणजे न्यायालयाने स्वतः प्रकरण पुढे चालवायला घ्यावे. ती मान्य झाली तर खटला सरकारतर्फे चालतो. दुसरी विनंती पुढील तपासाची, आणि तीही नेमक्या मुद्द्यांसह: कोणते कागद मागवायचे, कोणाचे जबाब घ्यायचे. अर्ज खासगी फिर्याद मानावा, ही विनंती शेवटी ठेवावी. त्या मार्गाने शपथेवर जबाब द्यावा लागतो, साक्षीदार स्वतः आणावे लागतात, वकिलाचा खर्च स्वतः करावा लागतो, आणि नव्या संहितेच्या कलम 223 नुसार दखल घेण्यापूर्वी आरोपीलाही ऐकले जाते. हा मार्ग बंद करू नये, पण निरुपाय झाल्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दंडाधिकारी काय करू शकत नाहीत

अर्जात एक विनंती चुकूनही करू नये: ‘पोलिसांना दोषारोपपत्र दाखल करण्याचा आदेश द्यावा.’ असा आदेश देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली अभिनंदन झा प्रकरणात सांगितले. वरवर पाहता हा तांत्रिक भेद वाटतो, कारण तेच दंडाधिकारी अहवाल बाजूला ठेवून स्वतः दखल घेऊ शकतात. परंतु त्यामागे कायद्याच्या राज्याची मूळ कल्पना आहे. तपासाचा निष्कर्ष काय निघावा हे न्यायाधीशांनी पोलिसांना आधीच सांगितले, तर तोच निष्कर्ष पुढे निःपक्षपातीपणे तपासायला कोणी उरत नाही. ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1944 साली ख्वाजा नझीर अहमद प्रकरणात पोलीस आणि न्यायालय यांची कामे परस्परपूरक आहेत, एकमेकांत मिसळणारी नाहीत, असे म्हटले ते याच अर्थाने. जपानने हा प्रश्न निराळ्या पद्धतीने सोडवला. तेथे 1948 पासून अभियोक्त्याने खटला न भरल्यास 11 सामान्य नागरिकांची समिती तो निर्णय तपासते, आणि 2009 पासून ठरावीक प्रक्रियेनंतर तिचे मत बंधनकारक ठरू शकते. आपल्याकडे ती जागा दंडाधिकाऱ्यांची आहे.

पाचवी पायरी: खटला मागे घेण्याचा अर्ज आला तर

येथे प्रसंग अधिक गंभीर असतो. दोषारोपपत्र दाखल झालेले असते, कदाचित साक्षीही सुरू झालेल्या असतात, आणि सरकारी अभियोक्ता कलम 360 (जुने 321) खाली अर्ज देतात की आम्हाला हा खटला चालवायचा नाही. निकाल सुनावण्यापूर्वी केव्हाही असा अर्ज करता येतो. न्यायालयाने दोषारोप निश्चित करण्यापूर्वी तो मंजूर झाला तर आरोपी दोषमुक्त होतो. नंतर मंजूर झाला तर त्याची निर्दोष मुक्तता होते, आणि मग त्याच गुन्ह्यासाठी त्याच्यावर पुन्हा खटला भरता येत नाही. आंदोलनांतील गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय आपण वर्तमानपत्रांत वाचतो. पण शासन निर्णयाने खटला संपत नाही. अभियोक्त्याने अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने संमती द्यावी लागते.

म्हणून तपासायच्या गोष्टी दोन आहेत. पहिली म्हणजे, अभियोक्त्याने स्वतः विचार केला का. सरकार त्याला सुचवू शकते, धोरण कळवू शकते, पण निर्णय त्याचाच असला पाहिजे, असे 1977 च्या बलवंत सिंग आणि 1980 च्या राजेंद्र कुमार जैन प्रकरणांतून ठरले आहे. अर्जात केवळ शासनाच्या पत्राचा क्रमांक आणि ‘सदर पत्रानुसार खटला मागे घेण्यात येत आहे’ एवढेच असेल, तर नेमके तेच वाक्य न्यायालयाला दाखवावे. दुसरी गोष्ट म्हणजे, खटला मागे घेतल्याने सार्वजनिक हित आणि न्याय साधतो का. पुरावा कमी आहे एवढेच कारण लागते असे नाही. सामाजिक सलोखा हेही वैध कारण असू शकते. मात्र ते खरे आणि या खटल्याशी जोडलेले असावे लागते.

दोन निकाल येथे मुद्दाम वाचावेत. 2000 साली चंदनतस्कर वीरप्पनने कन्नड अभिनेते राजकुमार यांचे अपहरण केल्यावर, त्याच्या मागण्यांच्या दबावाखाली कर्नाटकात टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालचे आरोप मागे घेण्याचा अर्ज झाला आणि विशेष न्यायालयाने तो मान्य केला. त्या टोळीच्या हातून मारल्या गेलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या वडिलांनी आव्हान दिले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती संमती रद्द केली. मुलगा गमावलेला एक सामान्य पिता राज्याच्या निर्णयाची कारणे विचारू शकला आणि त्याला उत्तर मिळाले, ही मला या संपूर्ण विषयातली सर्वांत मोलाची घटना वाटते. दुसरा निकाल 28 जुलै 2021 चा, केरळ विरुद्ध के. अजित. 13 मार्च 2015 रोजी केरळ विधानसभेत अर्थसंकल्प मांडताना झालेल्या तोडफोडीत 2 लाख 20 हजार रुपयांहून थोडे अधिक नुकसान झाले होते. संबंधित आमदारांवरचा खटला मागे घेण्यास मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी नकार दिला, उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही. सदस्यांचे विशेषाधिकार मालमत्तेच्या तोडफोडीला संरक्षण देत नाहीत, असे त्यात सांगितले आहे. संमती देताना न्यायालयाने काय पाहावे याचे मुद्देही या निकालात एकत्र सापडतात, त्यामुळे आक्षेप लिहिताना तो हाताशी ठेवावा.

त्यानंतर 10 ऑगस्ट 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक बंधन घातले: विद्यमान किंवा माजी खासदार-आमदारांवरील खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही. असा आरोपी असेल तर ती परवानगी नोंदीवर आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

नव्या संहितेने पीडितांच्या हाती एक ठोस हक्क दिला आहे. पीडिताला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय न्यायालयाने खटला मागे घेण्यास परवानगी देऊ नये, असे कलम 360 मध्येच आता लिहिलेले आहे. जुन्या संहितेखालील प्रकरणात हे वाक्य नाही. तेथे आधीच अर्ज करून ऐकून घेण्याची विनंती करावी. त्यासाठी 2022 च्या जगजीत सिंग निकालाचा आधार घेता येतो, कारण कार्यवाहीच्या प्रत्येक टप्प्यावर पीडिताला सहभागाचा हक्क आहे असे त्यात म्हटले आहे. खटल्यात अभियोक्त्याला साहाय्य करण्यासाठी आपला वकील नेमण्याची परवानगी कलम 18 खाली आधीच घेऊन ठेवली, तर असा अर्ज आल्याचे वेळेवर कळते.

मंजुरी अडली असेल तर

लोकसेवकाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटल्यासाठी कलम 218 (जुने 197) खाली सरकारची मंजुरी लागते. नव्या कलमानुसार विनंती मिळाल्यापासून 120 दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी दिली असे मानले जाते. म्हणून विनंती कोणत्या दिवशी पोहोचली याची पोच जपून ठेवावी. मंजुरी नाकारली असेल तर त्या आदेशाला संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात आव्हान देता येते.

सहावी पायरी: आदेश विरोधात गेला तर

समरी मंजूर झाली किंवा खटला मागे घेण्यास संमती मिळाली, तर कलम 438 (जुने 397) खाली पुनरीक्षण अर्ज, म्हणजे वरच्या न्यायालयाने त्या आदेशाची वैधता तपासावी असा अर्ज, करता येतो. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध तो सत्र न्यायालयात करणे सोयीचे असते. सत्र न्यायालयाचाच आदेश असेल तर उच्च न्यायालयात. एकाच व्यक्तीला दोन्हीकडे लागोपाठ पुनरीक्षण मागता येत नाही, त्यामुळे पहिला अर्ज पूर्ण तयारीनिशी द्यावा. खासगी फिर्याद फेटाळल्याच्या आदेशाविरुद्ध जात असाल तर आरोपींना प्रतिवादी करायला विसरू नये. त्यांना ऐकल्याशिवाय त्यांच्याविरुद्ध आदेश होऊ शकत नाही, असे 2012 साली ठरले आहे.

मुदत आदेशाच्या तारखेपासून 90 दिवसांची आहे. प्रमाणित प्रत मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात, पण ते मोजले जातात नक्कल अर्ज दिल्याच्या दिवसापासून. म्हणून आदेश झाला त्याच दिवशी, न्यायालयाच्या आवारातून बाहेर पडण्यापूर्वी, नक्कल अर्ज द्यावा आणि त्याची पोच फाइलमध्ये लावावी.